फलन आणि तर्क : तिळतांदूळ की नीरक्षीर?

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी जो मजकूर लिहावा लागतो त्यास मराठीत ‘आज्ञावली’ हे नाव रूढ झाले आहे. शब्द सोयीचा आहे. परंतु त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. आज्ञावली म्हणजे आज्ञांची रांग. ही संख्या या खणात ठेव, तीत एक मिळव, ती शंभराहून मोठी झाली की थांब, अशा पद्धतीने लिहिणारा हुकूम सोडतो आणि यंत्र सांगकाम्याप्रमाणे तो पाळते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर अशा मजकुरातील प्रत्येक क्रियापद आज्ञार्थी असते.

यंत्राशी बोलण्याचा दुसरा काही मार्ग आहे की नाही, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच जुना आहे. यंत्राने कसे करावे हे सांगण्याऐवजी काय खरे आहे एवढेच सांगावे आणि उत्तर शोधून काढण्याचा भार यंत्रावर टाकावा, असे मानणाऱ्यांनी ज्या भाषा रचल्या त्यांना कथनात्मक भाषा म्हणता येईल. या भाषांची दोन मोठी घराणी आहेत. एकाचा पाया फलन, दुसऱ्याचा तर्क. ही दोन घराणी एकत्र आणण्याचे प्रयत्न गेली चार दशकांहून अधिक काळ चालू आहेत. बाजारपेठेत त्यांचा गाजावाजा फारसा झाला नाही, म्हणून हा उद्योग काही थोड्या विद्वानांचा बौद्धिक विलास होय, असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. हे मत तपासून पाहण्यासारखे आहे. कारण ते बरोबर नाही.

दोन घराणी

फलनाच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च. १९३० च्या दशकात त्यांनी ‘लॅम्डा कलन’ नावाची एक पद्धती सिद्ध केली. फलनाची व्याख्या करावयाची व ते फलन दिलेल्या वस्तूस लावावयाचे, एवढ्या दोनच क्रियांत सर्व गणन मांडता येते, हा तिचा गाभा. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी या विचारापासून स्फूर्ती घेऊन ‘लिस्प’ ही भाषा रचण्यास आरंभ केला. पुढे १९७७ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात जॉन बॅकस यांनी फलनांवर आधारलेल्या शैलीचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कारण ज्या ‘फोर्ट्रान’ भाषेने आज्ञार्थी शैली जगभर नेली तिचे प्रमुख शिल्पकार हेच बॅकस होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘हॅस्केल’ ही या घराण्याची आज सर्वपरिचित असलेली भाषा.

दुसरे घराणे तर्काचे. १९६५ मध्ये जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी यंत्राला सहज पेलेल असा अनुमानाचा एकच नियम शोधून काढला. त्या नियमाच्या मुळाशी ‘एकीकरण’ नावाची क्रिया आहे. दोन विधानांत काही जागा रिकाम्या असतील, तर त्या कशा भरल्या असता दोन्ही विधाने एकरूप होतील, हे शोधणे म्हणजे एकीकरण. या पायावर १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे ॲलँ कॉल्मेरोअर व फिलिप रूसेल यांनी ‘प्रोलॉग’ ही भाषा उभी केली. यंत्राशी फ्रेंच भाषेत संभाषण करता यावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. तिच्या तात्त्विक बैठकीचे श्रेय मोठ्या प्रमाणात रॉबर्ट कोवाल्स्की यांच्याकडे जाते.

संधी करणे आणि संधी सोडविणे

या दोन घराण्यांतील भेद मराठी वाचकास शाळेतील व्याकरणाच्या तासावरून चटकन कळेल. ‘विद्या’ आणि ‘अर्थी’ यांचा संधी करा, असे सांगितले की उत्तर एकच येते : विद्यार्थी. हे फलन झाले. दोन शब्द आत घालावेत, एक शब्द बाहेर यावा. परंतु त्याच शिक्षकाने ‘विद्यालय’ या शब्दाचा संधी सोडवा असे सांगितले, की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मधला ‘आ’ हा अ आणि अ, अ आणि आ, आ आणि अ, आ आणि आ अशा चार जोड्यांपैकी कोणत्याही जोडीतून आलेला असू शकेल. शिवाय संधी न होता दोन शब्द नुसते शेजारी येऊन बसले असतील, हीही शक्यता उरतेच. म्हणजे पुढे जाताना जेथे एक वाट होती, तेथे मागे येताना अनेक वाटा फुटतात.

नियम मात्र तेच. संधी करावयाचे नियम निराळे व सोडवावयाचे निराळे असे कोणताही वैयाकरण सांगत नाही. असे असता फलनप्रधान भाषेत सामान्यतः दोन स्वतंत्र मजकूर लिहावे लागतात; एक जोडण्यासाठी, एक तोडण्यासाठी. उद्या एखाद्या नियमात दुरुस्ती झाली तर ती दोन्ही ठिकाणी करावी लागेल, आणि एक जागा नजरचुकीने राहून गेली की दोन्ही मजकूर परस्परांशी विसंगत बोलू लागतील.

तर्कप्रधान भाषेत ही अडचण नाही. तेथे ‘हा शब्द त्या दोन शब्दांचा संधी होय’ असा संबंध एकदाच सांगावयाचा. मग तिन्हींपैकी कोणतीही जागा रिकामी ठेवून प्रश्न विचारता येतो. परंतु तिचे दुखणे दुसरीकडे आहे. प्रोलॉग नियम वरून खाली व अटी डावीकडून उजवीकडे याच क्रमाने तपासते. त्यामुळे तर्कदृष्ट्या निर्दोष असलेले दोन नियम लिहिण्याचा क्रम बदलला, की यंत्र कधी कधी अंतहीन शोधात अडकून पडते. अंकगणिताच्या बाबतीत तर ती सरळ एकमार्गी होते. दोन अधिक तीन किती, हे तिच्या नेहमीच्या गणितक्रियेस विचारता येते. दोनमध्ये किती मिळविले असता पाच होतील, हे त्याच क्रियेस विचारले तर ती चूक दाखवून थांबते. शिवाय ज्या कामात शोध मुळीच नाही, केवळ सरळ गणन आहे, तेथेही मजकूर संबंधाच्या आडवळणाने लिहावा लागतो. ‘काय’ तेवढे सांगा, ‘कसे’ आम्ही पाहू, हे आश्वासन दोन्ही घराण्यांनी दिले. पूर्णपणे मात्र एकानेही पाळले नाही.

एकत्र येण्याच्या दोन तऱ्हा

आपल्या अलंकारशास्त्रात एक मार्मिक भेद सांगितला आहे. एकाच पद्यात दोन अलंकार एकत्र आले, पण तीळ आणि तांदूळ यांच्यासारखे वेगळे निवडता आले, तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी यांच्याप्रमाणे ते एकजीव झाले, तर तो संकर. भाषांच्या मीलनालाही हा भेद तंतोतंत लागू पडतो.

आरंभीचे प्रयत्न संसृष्टीचे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वतः रॉबिन्सन यांनी अर्नेस्ट सायबर्ट यांच्यासह अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात ‘लॉगलिस्प’ ही रचना केली. नावाप्रमाणेच तिच्यात लिस्प आणि तर्क यांना शेजारी आणून बसविले होते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस हाक मारता येत असे. सोय मोठी होती. परंतु अशा रचनेत दोन अर्थपद्धती एका छपराखाली नांदत असतात, आणि वाक्य कोणत्या दालनात उच्चारले आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, तर दोघे गावास पोहोचतात हे खरे. पण त्यामुळे आंधळ्यास दृष्टी येत नाही आणि पांगळ्यास पाय फुटत नाहीत.

संकराची गुरुकिल्ली दुसऱ्याच शाखेतून आली. समीकरणांच्या साह्याने पदांचे रूपांतर करण्याच्या अभ्यासात १९७० च्या दशकात ‘नॅरोइंग’ नावाची क्रिया पुढे आली होती. तिला संकोचन म्हणता येईल. फलनाचा नियम लावताना हाती आलेली वस्तू पूर्ण माहीत असावी लागते. तीत रिकामी जागा असेल तर फलन अडून बसते. संकोचनात यंत्र अडून बसत नाही. त्या नियमाचा उपयोग होण्यासाठी रिकाम्या जागेत निदान काय असले पाहिजे, तेवढेच ते गृहीत धरते आणि पुढे सरकते. म्हणजे फलनाच्या नियमांची जुळणी करताना साध्या तुलनेऐवजी रॉबिन्सन यांचे एकीकरण वापरावयाचे, की फलन आपोआप उलट दिशेनेही चालू लागते. १९८५ मध्ये उदय रेड्डी यांनी फलनप्रधान भाषा याच क्रियेच्या बळावर चालविता येतील, असे प्रतिपादन केले.

परंतु अंदाज बांधण्याची मुभा मिळाली की व्यर्थ अंदाजांचे पीकही येते. समजा, कोशात विद्या, आलय, लय व अर्थी एवढेच शब्द आहेत. ‘विद्यालय’ सोडविताना पहिला शब्द ‘विद्य’ असावा असे धरले, तर तो कोशात नाही हे कळताक्षणी दुसरा शब्द ‘अलय’ की ‘आलय’ हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. हे तारतम्य यंत्रास कसे यावे? १९९४ मध्ये सेर्जिओ अंतॉय, रशीद एशाहेद आणि मिखाएल हानूस या तिघांनी त्याचे उत्तर दिले. नियमांच्या एका व्यापक व व्यवहारोपयोगी वर्गाकरिता त्यांनी संकोचनाची अशी पद्धत सांगितली की तिच्यात उत्तरासाठी अपरिहार्य असलेलीच पावले टाकली जातात. आणि हे त्यांनी गणिताने सिद्ध करून दाखविले. गरज पडल्याखेरीज काही करू नये, हा फलनप्रधान भाषांतील जुना कानमंत्र. रिकामी जागा घेऊनही विचार करावा, हा तर्काचा. या सिद्धांतात दोन्ही एकच झाले. कोठे एक संपते व दुसरे सुरू होते, हे निवडून दाखविता येत नाही. हाच नीरक्षीर संकर होय.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, हानूस, हर्बर्ट कूखेन व हुआन होजे मोरेनो-नवारो यांनी ‘करी’ या भाषेचा आराखडा मांडला. ज्या हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या पहिल्या नावावरून ‘हॅस्केल’ भाषेचे नाव पडले, त्यांच्याच आडनावावरून हिचे नाव ठेवले गेले. तिच्या यंत्ररूपांतराची साधने या नात्याची साक्षच देतात. एक साधन ‘करी’तील मजकुराचे रूपांतर प्रोलॉगमध्ये करते, दुसरे, हॅस्केलमध्ये.

संकराची किंमत

ही किंमत लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘नाणे’ नावाचे एक पद घ्यावे. त्याचे मूल्य शून्य किंवा एक, दोहोंपैकी कोणतेही. ‘दुप्पट’ हे फलन दिलेली संख्या तिच्यातच मिळविते. आता नाण्याची दुप्पट किती? नाणे एकदाच उडविले असे मानले, तर उत्तरे दोन : शून्य आणि दोन. परंतु व्याख्येप्रमाणे ‘दुप्पट नाणे’ याच्या जागी ‘नाणे अधिक नाणे’ असे लिहिले, तर नाणे दोनदा उडेल आणि एक हे तिसरेच उत्तर उपटेल. दुपटीचे उत्तर एक येणे कोणासही पटणार नाही. म्हणून ‘करी’ने नाणे एकदाच उडते असा दंडक घातला. दंडक योग्य आहे. पण समानाच्या जागी समान ठेवावे, हा जो फलनाच्या घराण्याचा कुलाचार, त्यास यामुळे मर्यादा पडली. जेथे अनेक उत्तरांची शक्यता आहे तेथे व्याख्या डोळे मिटून उलगडता येत नाही. एकजीव झालेल्या दुधाचा स्वाद पूर्वीच्या दुधासारखाच राहील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप फलनवाद्यांचा. अनेक उत्तरे हवी असतील तर सर्व उत्तरांची यादी हेच फलनाचे उत्तर माना. तर्काचे ओझे कशाला? फिलिप वॉडलर यांनी १९८५ मध्ये ही युक्ती फार सुबकपणे मांडली होती, आणि पुष्कळ कामांस ती पुरते. परंतु यादी करणाऱ्या फलनासही आत येणारी वस्तू माहीत असावी लागते. रिकामी जागा घेऊन ते विचार करू शकत नाही, आणि खरी गरज तर रिकाम्या जागेचीच असते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेल्या ‘मर्क्युरी’ भाषेत प्रत्येक संबंध कोणत्या दिशेने चालेल आणि त्यास एकच उत्तर असेल की अनेक, हे लिहिणारा आधीच जाहीर करतो आणि यंत्र ते तपासून पाहते. यामुळे वेग वाढतो आणि चुका लवकर पकडल्या जातात. हा आक्षेप वजनदार आहे. किंबहुना तो आक्षेप नसून धडा आहे. उत्तर एक की अनेक, हे वाचणाऱ्यास मजकुरातच दिसले पाहिजे. संकरवाद्यांनी ही शिस्त मनापासून उचलली तर त्यांच्या भाषा अधिक विश्वासार्ह होतील.

तिसरा आक्षेप बाजाराचा. जपानने १९८२ मध्ये तर्काधिष्ठित यंत्रांचा ‘पाचव्या पिढी’चा मोठा प्रकल्प हाती घेतला, आणि दशकभराने तो आवरता घेतला तेव्हा जगाने दुसरीच वाट धरली होती, मग या वाटेस पुन्हा कशाला जावे? परंतु एका प्रकल्पाच्या अपेक्षा फसल्या म्हणजे विचार फसला असे होत नाही. २०२३ मध्ये ‘व्हर्स’ या भाषेच्या गाभ्याचे विवेचन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत हॅस्केलच्या शिल्पकारांपैकी सायमन पेटन जोन्स आहेत, आणि भाषा एका संगणकीय खेळांच्या कंपनीने आपल्या कामासाठी करविलेली आहे. फलन व तर्क यांचा संकर हाच तिचा पाया. फरक एवढाच की अनेक उत्तरे असल्यास ती ठरलेल्या क्रमानेच यावीत, असा तिचा नियम आहे. मुख्य प्रवाहाने ज्या वाटेकडे पाठ फिरविली होती, तीच वाट चाळीस वर्षांनी उद्योगास उपयोगी पडली.

नियम आणि नागरिक

या वादाचे खरे महत्त्व मात्र खेळांत नाही. आज कोणास कोणता भत्ता मिळावा, कोणास किती कर बसावा, हे निर्णय जगभर यंत्रे करू लागली आहेत. १९८६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी, कोवाल्स्की यांच्या सहभागाने, ब्रिटनच्या १९८१ सालच्या नागरिकत्व कायद्याचा मोठा भाग प्रोलॉगमध्ये उतरवून दाखविला. तेथे प्रश्न पात्रतेचा होता आणि पात्रता हा संबंध आहे. याउलट, २०२१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कायदा लिहिण्यासाठी ‘काताला’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिचा पाया लॅम्डा कलनाचा. कुटुंबभत्त्याचे नियम तिच्यात लिहून काढताना त्या भत्त्याच्या अधिकृत आज्ञावलीतील एक चूक उघडकीस आल्याचे त्यांनी नमूद केले. तेथे प्रश्न रकमेचा होता आणि रक्कम हे फलन आहे.

परंतु कायद्याच्या एकाच कलमात पात्रता आणि रक्कम दोन्ही असतात. अर्ज नामंजूर झालेल्या माणसाचा प्रश्न तर नेहमी उलट दिशेचा असतो : कोणती अट पुरी झाली असती तर अर्ज मंजूर झाला असता? आज्ञांची रांग या प्रश्नास उत्तर देऊ शकत नाही. ती केवळ ‘नाही’ एवढेच सांगून मोकळी होते. नियम एकदाच लिहावेत, त्यांतून रक्कमही काढता यावी आणि कारणही विचारता यावे, हे संकराच्या भाषेचे ध्येय आहे. ते पूर्णपणे साधले आहे असे नाही. संख्यांच्या बाबतीत मागे चालण्यासाठी समीकरणे सोडविणारी निराळी साधने जोडावी लागतात, आणि मोठ्या शोधास वेळ लागतोच. तथापि दिशा योग्य आहे, आणि ती केवळ लोकप्रिय नाही एवढ्याकरिता सोडून देणे शहाणपणाचे ठरणार नाही. महाविद्यालयांतून ही दोन घराणी दोन परक्या विषयांप्रमाणे न शिकविता एकाच विचाराची दोन अंगे म्हणून शिकविली गेली, तर पुढच्या पिढीस हा संकर परका वाटणार नाही.

शेवटी वर सोडविलेल्या शब्दाकडे पुन्हा वळावे. त्याच चार शब्दांच्या कोशाने यंत्र ‘विद्यालय’ सोडवू लागले तर त्यास दोन उत्तरे मिळतील. एक, विद्या आणि आलय. म्हणजे विद्येचे घर. दुसरे, विद्या आणि लय. म्हणजे विद्येचा नाश. नियमांच्या दृष्टीने दोन्ही बिनचूक आहेत. एकच उत्तर देण्यास बांधलेला मजकूर यांपैकी एक गुपचूप निवडील, आणि दुसरे होते हे कोणास कळणारही नाही. चांगल्या भाषेने दोन्ही उत्तरे समोर ठेवावीत. त्यांतून निवड करणे हे यंत्राचे काम नव्हे. ते माणसाचेच काम आहे, आणि ते त्याच्याच हाती राहिले पाहिजे.